फ्लँजची आठ भोकं आणि स्क्रीनच्या तळाची ओळ

जळगावच्या एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. कामं बहुतेक डाळमिलची. एलिव्हेटरचे (धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचे) बूट आणि हेड, म्हणजे खालचा आणि वरचा भाग, हॉपर, डक्ट, चाळण्यांच्या फ्रेमा, मधूनच कुणाचा तरी पाइप ठेवायचा स्टँड. वेल्डिंग, ड्रिल, बारीकसारीक गॅस कटिंग शेडमध्येच होतं. जाड प्लेट मात्र आता कापायला बाहेर प्लाझ्मा नाहीतर लेझरच्या मशिनवर जाते. गॅसने कापलेल्या फ्लँजची, म्हणजे पाइप जोडायच्या भोकं असलेल्या चकतीची, कड ग्राइंडरने साफ करण्यात माणूस अर्धा दिवस घालवतो. त्यापेक्षा मशिनवरची फ्लँज स्वस्त पडते आणि दिसतेही बरी.

फक्त मशिनवाल्याला कागद चालत नाही. त्याला डीएक्सएफ, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेल्या ड्रॉइंगची फाइल हवी. म्हणजे मी कागदावर काढायचं, तो कागद घेऊन ड्रॉइंगवाल्याकडे जायचं, त्याने कॉम्प्युटरवर काढायचं, मग ती फाइल मशिनवर. पार्टीने एका भोकाचं माप बदललं की पुन्हा ड्रॉइंगवाला. आणि तो हमखास लग्नाला गेलेला. वैशाखात अर्धा खानदेश लग्नात असतो, त्याला तरी काय बोलणार. पार्टी शेडच्या दारात उभी, प्लेट आणून ठेवलेली, आणि एक गोल काढायला माणूस नाही. शेवटी म्हटलं, आपणच शिकू. मी आयटीआय फिटर. ड्रॉइंग वाचता येतं, हाताने काढताही येतं. राहिलं फक्त कॉम्प्युटरवर काढायचं.

गोलाणी मार्केटकडे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर ऑटोकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचा, क्लास होता. संध्याकाळची बॅच घेतली. शेड बंद करून, हात रॉकेलने पुसून, अजिंठा चौफुलीवरच्या ट्रकमधून वाट काढत शहरात यायचं. खोलीत कूलरचा एवढा आवाज की शिकवणाऱ्या ताईंना ओरडूनच बोलावं लागे. बॅचमध्ये सगळी डिप्लोमाची पोरं. ती मला काका म्हणायची, ताई दादा म्हणायच्या, आणि मी सगळ्यात वयाने मोठा असून ताईंना ताईच म्हणायचो. शिकवणारीला दुसरं काय म्हणणार?

ऑटोकॅड उघडलं की काळा पडदा आणि वर शंभरेक चित्रांची पट्टी. नवा माणूस त्या चित्रांकडेच बघत बसतो. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वर बघू नका, खाली बघा." पडद्याच्या तळाशी एक ओळ असते, कमांड लाइन. तुम्ही कमांड दिली की सॉफ्टवेअर तिथे पुढचा प्रश्न विचारतं. गोल काढायला सी दाबून एंटर मारा, ते विचारेल सेंटर कुठे. सेंटर दिलं की विचारेल रेडियस किती. उत्तर दिलं की गोल तयार. ऑटोकॅड १९८२च्या डिसेंबरात पहिल्यांदा बाजारात आलं. तेव्हापासून कमांड टाइप करायची पद्धत टिकून आहे, आणि अजूनही सरावलेल्या माणसाचा डावा हात कीबोर्डवर आणि उजवा माउसवर असतो. एल म्हणजे लाइन, सी म्हणजे सर्कल, ओ म्हणजे ऑफसेट, टीआर म्हणजे ट्रिम. एंटरऐवजी स्पेसबार चालतो. काही न लिहिता नुसता स्पेसबार दाबला की मागची कमांड पुन्हा सुरू. कुठे अडकलात की एस्केप.

हे ऐकायला सोपं आहे, पण हात ऐकत नाही. सगळ्यांचंच असं व्हायचं: कमांड द्यायची, सॉफ्टवेअर प्रश्न विचारून थांबलेलं, आणि माणूस भलतीकडेच क्लिक करत बसलेला. "हँग झालं, हँग झालं" असा ओरडा रोज कुठून तरी यायचा. माझ्या शेजारी अमळनेरकडचा एक पोरगा बसायचा, बोलणं अस्सल अहिराणी. तो स्वतःच्या पडद्यावरची नजर न हलवता म्हणायचा, "भो, घाई काय शे? खाले काय इचारी ऱ्हायनं ते वाच ना." सबंध क्लासमध्ये मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेलं वाक्य हेच. ती ओळ इंग्रजीत असते म्हणून लोक टाळतात. पण त्यातले शब्द मोजकेच, तेच ते पुन्हा येतात. स्पेसिफाय म्हणजे सांग, सिलेक्ट म्हणजे निवड, बेस पॉइंट म्हणजे कुठे धरून हलवायचं तो बिंदू. चौकटी कंसात दुसरे पर्याय दिलेले असतात आणि ज्या अक्षराने पर्याय निवडायचा ते मोठं छापलेलं असतं. टोकदार कंसात असतं ते त्याचं स्वतःचं ठरलेलं उत्तर. तुम्ही नुसता एंटर मारला तर तेच धरलं जातं. मिरर, म्हणजे आरशातल्यासारखी उलटी नक्कल करताना शेवटी ते विचारतं, मूळची वस्तू पुसू का? टोकदार कंसात 'नो' असतं. एंटर मारा, दोन्ही बाजू राहतात.

दुसरा अडथळा मापं देण्याचा. एखादा बिंदू दोन आकड्यांनी सांगायचा: आडवं किती, उभं किती, मध्ये स्वल्पविराम. हे शाळेतल्या आलेखासारखंच. पण शेडमध्ये आपण कधी प्लेटच्या एकाच कोपऱ्यापासून सगळी मापं घेत नाही. इथून शंभर, तिथून पुढे पन्नास असं चालतं. त्यासाठी आकड्याच्या आधी ॲट द रेटचं चिन्ह टाकायचं, की माप मागच्या बिंदूपासून मोजलं जातं. कोनात जायचं असेल तर ॲट द रेट, लांबी, मग 'पेक्षा लहान'चं चिन्ह आणि मग कोन. कोन घड्याळातल्या तीनच्या जागेपासून सुरू होतो आणि घड्याळाच्या उलट दिशेने वाढतो. इथे एक गंमत आहे. एफ१२ने चालू-बंद होणारं डायनॅमिक इनपुट नावाचं प्रकरण चालू असेल तर लाइनचा दुसरा बिंदू ॲट द रेट न टाकताही मागच्या बिंदूपासूनच धरला जातो. क्लासच्या कॉम्प्युटरवर ते बंद, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालू. एकच आकडे, दोन ठिकाणी दोन आकृत्या. ज्याला हे माहीत नाही तो डोकं आपटून घेईल.

माझं खरं शिकणं फ्लँजवर झालं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

सहा इंची पाइपची फ्लँज. बाहेरचा व्यास २८५ मिलिमीटर, भोकांच्या सर्कलचा व्यास, म्हणजे ज्याला आम्ही पीसीडी म्हणतो, तो २४०, त्यावर २२ची आठ भोकं. मध्ये पाइपसाठी १७० कापायचं, कारण सहा इंची म्हणतात त्या पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ असतो. शेडमध्ये हे कसं करायचो? प्लेटवर सेंटर पंच मारायचा, डिव्हायडरने २४०चं वर्तुळ ओढायचं आणि त्यावर आठ भाग पाडायचे. सहा भाग असतील तर सोपं, डिव्हायडर त्रिज्येवरच ठेवून टप्पे मारत गेलं की सहावा बरोबर पहिल्यावर येतो. आठसाठी मात्र पीसीडीला ०.३८२७ने गुणायचं. हा आकडा आमच्याकडच्या जुन्या मिस्तरींना तोंडपाठ असतो, कुठून आला ते विचारायचं नाही. २४०ला गुणून येतं ९१.८४च्या किंचित वर. स्टीलच्या पट्टीवर ९१.८४ कोण लावणार? डिव्हायडर ९२वर बसतो. फरक नखाएवढाही नाही, पण तो प्रत्येक टप्प्याला पुढे सरकतो आणि आठव्याला शेवटचं अंतर सुमारे सव्वा मिलिमीटर कमी पडतं. मग तो फरक नजरेने सगळ्यांत वाटून द्यायचा, आणि वर भोक दोन मिलिमीटर मोठं पाडायचं, म्हणजे बोल्ट जातोच.

आता तेच पडद्यावर. सी, एंटर. सेंटर म्हणून शून्य स्वल्पविराम शून्य. ते रेडियस विचारतं, आणि आमच्या धंद्यात कुणी रेडियस सांगत नाही, सगळे व्यासच सांगतात. कंसात डायमीटर आहे, म्हणून डी, एंटर, २८५. स्पेसबार, पुन्हा तेच सेंटर, डी, १७०. पुन्हा एकदा, डी, २४०. तीन गोल एकात एक. आता पहिलं भोक. फ्लँजची भोकं उभ्या सेंटरलाइनवर नसतात, तिच्या दोन्ही बाजूंना सारखी सोडायची असतात. आठ भोकं म्हणजे ४५ अंशांचं अंतर, म्हणून पहिलं भोक त्याच्या निम्म्यावर, २२.५ अंशांवर. शून्य शून्यपासून १२० लांब, २२.५ कोनात एक लाइन मारली. तिच्या टोकावर कर्सर नेला की हिरवा चौकोन उमटतो. तो ऑब्जेक्ट स्नॅप, एफ३ने चालू होतो. चौकोन म्हणजे लाइनचं टोक, त्रिकोण म्हणजे मध्य, छोटा गोल म्हणजे सेंटर, पत्त्यातल्या चौकटसारखं चिन्ह म्हणजे गोलाचा पाव भाग. डोळ्यांनी 'बरोबर टोकावरच आहे' असं कितीही वाटलं तरी ती हिरवी खूण दिसल्याशिवाय क्लिक करायचं नाही. पडदा मोठा करून बघितला तर नुसत्या नजरेने जोडलेल्या रेषांमध्ये फट असते, कायम असते.

त्या टोकावर २२चं भोक. मग ॲरे, म्हणजे एकाच वस्तूच्या सारख्या अंतरावर नकला; त्यातला पोलर, सेंटरभोवती गोल फिरवणारा. सेंटर विचारतं, मोठ्या गोलाचं सेंटर पकडलं. आपसूक सहा भोकं आली, कारण त्याचा ठरलेला आकडा सहा आहे. आठ टाकलं, आठ झाली. आणि मग मी ताईंनी न सांगितलेलं एक केलं. डीआय ही अंतर मोजायची कमांड देऊन शेजारच्या दोन भोकांची सेंटरं पकडली. खाली आलं ९१.८४४०. मिस्तरींच्या त्या तोंडपाठ गुणाकारातून निघायचा तोच आकडा! पडद्यावर तो असा निघालेला पाहून मी खुर्चीतच जरा मागे टेकलो. शेजारचा अमळनेरकर विचारतो, काय झालं. त्याला काय सांगणार, तो कधी डिव्हायडर घेऊन प्लेटवर ओणवा झालेला नाही.

त्यानंतरच्या कमांडांना फार वेळ लागला नाही. ऑफसेट म्हणजे समांतर रेषा. अंतर सांगा, रेषा निवडा, कुठल्या बाजूला ते क्लिक करा. फ्रेम काढायची असेल तर निम्मं काम ऑफसेटच करतं. ट्रिम म्हणजे जास्तीचं कापणं. जुन्या आवृत्तीत आधी कशाने कापायचं ते निवडून एंटर मारावा लागे आणि मग कापायचं ते दाखवायचं; २०२१च्या आवृत्तीपासून नुसतं दाखवलं की कापलं जातं. जुन्यावर शिकून नव्यावर गेलेल्या माणसाला एक एंटर जास्त मारायची खोड राहते, माझीही आहे. फिलेट म्हणजे कोपरा गोल करणं, पण रेडियस शून्य दिला तर दोन सुट्या रेषा टोकाला टोक जुळून पक्का कोपरा होतो. गुण्या लावून रेषा जुळवण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं त्याला या शून्याची किंमत कळेल.

निवडायची पद्धत मात्र सांगण्यासारखी. चौकट डावीकडून उजवीकडे ओढली तर ती निळी असते आणि जे पूर्ण आत आलं तेवढंच निवडलं जातं. उजवीकडून डावीकडे ओढली तर हिरवी, आणि तिला नुसता स्पर्श झालेलंही सगळं निवडलं जातं. स्ट्रेच कमांडला ही हिरवीच लागते. डक्टची लांबी १२०० वरून १५०० करायची तर एक टोक हिरव्या चौकटीत घ्यायचं आणि ३०० ओढायचं, भोकांसकट टोक पुढे सरकतं. पार्टीचा फोन चालू असताना हे करता येतं.

मोठं करून बघताना गोल कधी कधी कोनाकोनाचा, षटकोनासारखा दिसतो. नवे लोक घाबरतात. तो दिसण्यापुरताच तसा असतो, आरई म्हणजे रीजेन दिलं की पुन्हा गोल. फाइलमध्ये तो गोलच असतो आणि मशिनही गोलच कापतं.

एककांचा घोळ आपल्या शेडमध्येच जास्त. आमच्याकडे पट्टीवर मिलिमीटर असले तरी तोंडात सूत असतं. 'दोन सूत मोकळं ठेव' म्हणजे पाव इंच, ६.३५ मिलिमीटर. शेतकरी ट्रॉलीचं माप फुटात सांगतो, डाळमिलवाला बकेट इंचात, आणि प्लेट मिळते २५०० बाय १२५० मिलिमीटरची. ऑटोकॅडला स्वतःला काही देणंघेणं नाही; त्याच्यासाठी १०० म्हणजे नुसते १००. ते मिलिमीटर आहेत की इंच हे युनिट्समध्ये लावून ठेवावं लागतं. नाहीतर मशिनवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की २५.४ पटीने मोठी किंवा छोटी. मी ठरवून टाकलंय: सूत, इंच, फूट जे काय असेल ते कागदावर मिलिमीटर करायचं आणि मगच कॉम्प्युटरला हात लावायचा.

क्लासमध्ये जे शिकवत नाहीत ते मशिनवाल्याकडे शिकलो. कापायच्या फाइलमध्ये फक्त कापायच्या रेषा हव्यात. मापं, सेंटरलाइन, नाव-गाव, तो २४०चा पीसीडीचा गोल, सगळं काढून टाकायचं किंवा वेगळ्या लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या वेगळ्या थरावर ठेवून तो बंद करायचा. पीसीडीचा गोल राहिला तर मशिन तोही कापेल, त्याला काय कळतं. ॲरेची आठ भोकं एकच वस्तू होऊन बसतात, ती एक्सप्लोड करून सुटी करायची. एकावर एक दोन रेषा पडल्या असतील तर डोळ्याला एकच दिसते पण मशिनची कापणारी टॉर्च त्या जागेवरून दोनदा जाते. त्यासाठी ओव्हरकिल नावाची कमांड आहे, ती जास्तीच्या रेषा खाऊन टाकते. आणि आकार बंद हवा. कोपऱ्यात केसाएवढी फट असली तरी सॉफ्टवेअर म्हणतं हा आकारच नाही.

टॉर्चने खाल्लेली जाडी, तिला कर्फ म्हणतात, तिची सूट ड्रॉइंगमध्ये द्यायची नाही. ती मशिनवर दिली जाते. गॅस कटिंगवाल्या माणसाचा हात आपोआप दोन-तीन मिलिमीटर बाहेरून खूण करतो, ती सवय इथे सोडावी लागते. तयार माल जेवढा हवा तेवढंच काढायचं. प्लाझ्मावर आणखी एक लक्षात ठेवायचं: प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक मागू नये, ते नीट गोल येत नाही. १६च्या प्लेटमध्ये १२चं भोक हवं असेल तर तिथे फक्त सेंटरची खूण मागायची आणि ड्रिल आपण मारायचं.

कुणी विचारतं, किती कमांड पाठ कराव्या लागतात. मोबाइलवर दोनशे कमांडांची यादी फिरत असते, पोरं ती छापून भिंतीला लावतात. माझ्या मते तो कागद वाया. मला रोज पंधराएक लागतात आणि त्या पाठ केलेल्या नाहीत, हाताला बसल्या आहेत. त्यापेक्षा शेडमधली एखादी खरी वस्तू घ्यावी, टेपने मोजावी आणि काढावी. क्लासच्या पुस्तकातल्या आकृत्या काढून सुबक चित्र होतं, पण त्या वस्तूचं पुढे काय होणार हे माहीत नसलं की कुठलं माप आधी धरायचं ते कळत नाही. फ्लँजला सेंटर आधी, फ्रेमला एक बाहेरचा कोपरा आधी, हॉपरला तोंड आधी. एवढं ठरलं की कमांड कुठली द्यायची ते फारसं अडत नाही. ऑटोकॅड परवडत नसेल तर लिब्रेकॅड फुकट मिळतं, डीएक्सएफसाठी ते पुरतं. कमांडांची छोटी नावं थोडी वेगळी आहेत, एवढंच.

हॉपरचंच बघा. वरचं तोंड ९०० बाय ९००, खालचं २०० बाय २००, उभी उंची ७००. चारही बाजूंचे पत्रे सारखे, पण पत्र्याची उंची ७०० नसते, कारण पत्रा तिरपा बसतो. मी आता बाजूला एक काटकोन त्रिकोण काढतो: आडवी ३५०, कारण ९०० आणि २००मधला फरक दोन्हीकडे निम्मा-निम्मा, आणि उभी ७००. तिरपी रेषा जोडून मोजली की ७८२.६२. वर ९००, खाली २००, मध्ये ७८२.६२ असा पत्रा काढायचा आणि चार नग म्हणून पाठवायचा. त्याच त्रिकोणात उताराचा कोनही दिसतो, ६३ अंशांच्या वर, डाळ अडकणार नाही.

चौकोनातून गोलात जाणारा डक्टचा तुकडा मात्र अजून पूर्ण हाताशी आलेला नाही. तो प्लेटवर खडूने, त्रिकोण उलगडत काढायची पद्धत मला येते. तीच पडद्यावर करतोय. गोलाचे १२ भाग करायला डिव्हाइड कमांड दिली तर काहीच झालं नाही असं वाटतं, कारण ती ज्या खुणा करते त्या टिंबाएवढ्या असतात आणि रेषेवर दिसतच नाहीत. पीडीमोड ३ केलं की त्यांच्या फुल्या होतात. मग चौकोनाच्या कोपऱ्यापासून एकेका फुलीपर्यंतची खरी लांबी काढायची, प्रत्येकीसाठी एक काटकोन त्रिकोण, आणि ते त्रिकोण एकमेकांना लावत जायचे. फाइल तयार झाली की आधी छोट्या मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवतो, कापतो, दुमडून तोंडं जुळतात का बघतो. मागच्या आठवड्यातला पुठ्ठा शिवणीवर थोडा उघडा राहिला. कुठल्या त्रिकोणात फरक आहे ते सापडेपर्यंत पत्रा मशिनवर जाणार नाही.